विमानतळांचा विकास आणि आपला शेतमाल

जिल्ह्यात विमानतळ मंजूर झाल्याची बातमी आली की गावात दोन प्रकारची चर्चा सुरू होते. जमीन किती आणि कोणाची जाणार, ही पहिली. आता आपला माल थेट दुबईला, लंडनला जाणार, ही दुसरी. पहिली चर्चा काळजीची, तर दुसरी आशेची असते. या आशेवर कोणी हरितगृहासाठी कर्ज काढतो, तर कोणी चालू पीक मोडून निर्यातीचे पीक घेतो.

शेतकरी बंधू-भगिनींनो, विमानतळ झाला म्हणजे शेतमालाची सोय झालीच, असे समजू नये. विमानतळ ही केवळ धावपट्टी आणि इमारत नव्हे. ती अनेक कड्यांची साखळी आहे. एक कडी नसेल तर बांधापासून वीस किलोमीटरवर विमान उतरत असूनही माल दोनशे किलोमीटर दूर मुंबईलाच न्यावा लागतो. म्हणून ही व्यवस्था कशी उभी राहिली, ती कशी चालते आणि तिचा भरवसा कितपत धरावा, याची माहिती या लेखात दिली आहे.

देशातील हवाई वाहतुकीची वाटचाल

आपल्या देशातील नियमित हवाई सेवेची सुरुवात मालापासूनच झाली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन छोटे विमान अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहू धावपट्टीवर उतरविले. १९५३ मध्ये हवाई कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण होऊन एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स या दोन सरकारी संस्था निर्माण झाल्या. १९९४ मध्ये त्यांची कायद्याने दिलेली मक्तेदारी संपली आणि खासगी कंपन्यांना रीतसर वाट मोकळी झाली. १ एप्रिल १९९५ रोजी आंतरराष्ट्रीय आणि देशांतर्गत विमानतळे सांभाळणाऱ्या दोन संस्था एकत्र करून भारतीय विमानतळ प्राधिकरण स्थापन करण्यात आले.

पुढचा टप्पा भागीदारीचा होता. केरळात कोची येथे १९९९ मध्ये सरकार आणि जनता यांच्या भांडवलातून विमानतळ उभा राहिला. परदेशी राहणाऱ्या हजारो केरळीयांनी त्यात पैसे गुंतविले. २००६ मध्ये मुंबई व दिल्ली येथील विमानतळांचे काम खासगी भागीदारीतील कंपन्यांकडे गेले. २००८ मध्ये हैदराबाद आणि बंगळूर येथे नवी विमानतळे सुरू झाली. लहान शहरे जोडण्यासाठी ‘उडान’ योजना आली व तिचे पहिले विमान २७ एप्रिल २०१७ रोजी सिमला-दिल्ली मार्गावर उडाले.

महाराष्ट्रात शिर्डी (२०१७), सिंधुदुर्ग जिल्ह्यातील चिपी (२०२१) आणि अमरावती (२०२५) येथून प्रवासी सेवा सुरू झाली. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये होऊन डिसेंबर २०२५ मध्ये तेथून विमाने उडू लागली. शेतमालासाठी केंद्र सरकारने २०२० मध्ये ‘कृषी उडान’ योजना सुरू केली आणि २७ ऑक्टोबर २०२१ रोजी तिची सुधारित आवृत्ती जाहीर केली. ईशान्य भारत, डोंगरी आणि आदिवासी भाग यांवर तिचा मुख्य भर असून निवडक विमानतळांवर मालवाहू विमानांना उतरण्याच्या व थांबण्याच्या आकारात सूट देण्याची तिच्यात तरतूद आहे.

माल विमानात कोठे बसतो?

पुष्कळ शेतकऱ्यांची समजूत असते की शेतमालासाठी वेगळी विमाने असतात. केवळ माल नेणारी विमाने आहेत. परंतु ताजी भाजी, फळे आणि फुले मोठ्या प्रमाणात प्रवासी विमानांतूनच जातात. प्रवासी वरच्या मजल्यावर बसतात आणि त्यांच्या पायाखाली विमानाच्या पोटात सामानाचा कक्ष असतो. प्रवाशांच्या बॅगा भरून जी जागा व जे वजन उरते, ते विमान कंपनी मालासाठी विकते.

ही जागा विमानाच्या आकारावर अवलंबून असते. लांब पल्ल्याच्या रुंद विमानात प्रवासी आणि बॅगा भरूनही पंधरा-वीस टनांपर्यंत माल जाऊ शकतो. मुंबई-दिल्लीसारख्या मार्गावरील अरुंद विमानात दोन-तीन टन बसतो. लहान शहरांना जोडणारे ७० आसनांचे पंख्याचे विमान प्रवाशांनी भरले की मालासाठी फार तर काही शे किलो वजन शिल्लक राहते. एवढ्यात एका पिकअप गाडीचा मालही बसत नाही.

यावरून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ज्या विमानतळावरून परदेशी जाणारे प्रवासी जास्त, तेथे मालाला जागा जास्त. केरळातून आखाती देशांत भाजीपाला जातो, यामागे हेच कारण आहे. तेथील लाखो लोक आखातात नोकरी करतात, त्यांच्यासाठी रोज विमाने सुटतात आणि त्याच विमानांच्या पोटातून भाजी जाते. तिकडे ती खाणारी गिऱ्हाइकेही बरीचशी तीच माणसे आहेत.

याचा उलटा अनुभव २०२० मध्ये आला. करोनाच्या साथीमुळे मार्च २०२० च्या अखेरीस प्रवासी विमाने बंद झाली. माल तयार होता, परदेशात मागणीही होती. परंतु विमानांची पोटेच नाहीशी झाली. उरलेल्या मालवाहू विमानांचे भाडे भडकले आणि ऐन हापूसच्या हंगामात निर्यातदारांची मोठी अडचण झाली.

मालवाहू विमानांबाबत आणखी एक बाब माहीत असावी. १९९० च्या दशकात निर्यातीला चालना देण्यासाठी त्यांच्याबाबत खुले धोरण स्वीकारले गेले होते. २०२० मध्ये त्यात बदल करून, ठरलेल्या वेळापत्रकाशिवाय येणाऱ्या परदेशी मालवाहू विमानांना देशातील सहा विमानतळांपुरतेच मर्यादित करण्यात आले. त्या सहांत महाराष्ट्रातील मुंबई हा एकच विमानतळ होता.

धावपट्टी आणि उन्हाळा

विमान जेवढे मोठे व जड, तेवढी धावपट्टी लांब लागते. मुंबईची मुख्य धावपट्टी सुमारे ३,४०० मीटर लांब आहे. पुण्याची, जी मुळात हवाई दलाची आहे, ती सुमारे अडीच हजार मीटर, तर अमरावतीची १,८५० मीटर आहे. पूर्ण भरलेले रुंद विमान लांब पल्ल्यासाठी उडवायचे असेल तर साधारण तीन हजार मीटर किंवा अधिक लांबी सोयीची ठरते.

येथे हवामानाचाही संबंध येतो. उन्हाने तापलेली हवा विरळ होते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनाचा जोरही घटतो. त्यामुळे भर उन्हाळ्यात दुपारी त्याच धावपट्टीवरून कमी वजन घेऊन उडावे लागते. प्रवासी आणि त्यांच्या बॅगा सहसा खाली ठेवता येत नाहीत, म्हणून सर्वांत आधी माल उतरविला जातो. आपला आंब्याचा हंगाम नेमका एप्रिल-मे महिन्यांचा असतो. म्हणून उन्हाळ्यात रात्री किंवा पहाटे सुटणाऱ्या विमानात माल पाठविणे केव्हाही हिताचे ठरते. निर्यातदाराशी बोलताना विमानाची वेळ अवश्य विचारावी.

साखळीच्या पाच कड्या

१) पॅक हाऊस : माल निवडणे, प्रतवारी करणे, पेटीत भरणे आणि शेतातील उष्णता काढून टाकणे, म्हणजे पूर्वशीतकरण, ही कामे येथे होतात. निर्यातीसाठी ‘अपेडा’ या केंद्रीय संस्थेची मान्यता असलेले पॅक हाऊस वापरावे. काही देशांच्या बाबतीत ते बंधनकारक आहे.

२) वनस्पती संगरोध तपासणी : मालात कीड-रोग नाही याची तपासणी करून सरकारी अधिकारी फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र देतात. याशिवाय ताजा माल बहुतेक देशांत उतरू शकत नाही.

३) सुरक्षा तपासणी : प्रत्येक पेटी क्ष-किरण यंत्रातून किंवा अन्य मान्य पद्धतीने तपासली जाते. याचे नियम नागरी विमान सुरक्षा विभाग ठरवितो. विमान उडण्यायोग्य आहे की नाही, वैमानिक पात्र आहेत की नाही, हे पाहणारे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय वेगळे.

४) सीमाशुल्क : निर्यातीची कागदपत्रे तपासून माल देशाबाहेर नेण्यास परवानगी दिली जाते. ज्या विमानतळावर सीमाशुल्काचे कार्यालय नाही, तेथून थेट निर्यात करता येत नाही.

५) विमानतळावरील शीतगृह : विमान येईपर्यंत नाशवंत माल योग्य तापमानात राहिला पाहिजे. मुंबईत यासाठी नाशवंत मालाचे स्वतंत्र केंद्र आहे.

या पाचही कड्या पुऱ्या असूनही एक धोका उरतो. शीतगृहातून निघालेली पेटी विमानात चढेपर्यंत उघड्या फरशीवर ट्रॉलीत थांबते. मे महिन्याच्या दुपारी या तासाभरात गुलाबाची टिकवण क्षमता एक-दोन दिवसांनी घटू शकते. निर्यातदार पेट्यांवर उष्णतारोधक आच्छादन घालतो की नाही, हे म्हणूनच विचारावे.

एक अळी आणि एक कागद

विमानाने माल काही तासांत पोहोचतो, पण तो तितक्याच वेगाने नाकारलाही जातो. २०१३ मध्ये युरोपात पोहोचलेल्या भारतीय फळे-भाज्यांच्या २०७ खेपांत फळमाशीसारख्या किडी सापडल्या. परिणामी युरोपीय संघाने १ मे २०१४ पासून आपल्या आंब्यावर तसेच अळू, कारली, वांगी आणि पडवळ यांच्यावर बंदी घातली. त्या वर्षीचा हापूसचा हंगाम युरोपच्या बाजारपेठेला मुकला. तपासणीची व्यवस्था सुधारल्यावर आंब्यावरील बंदी २०१५ च्या आरंभी उठली. ज्यांच्या बागेत एकही अळी नव्हती, अशा शेतकऱ्यांचेही त्यात नुकसान झाले. फळमाशीचे सापळे लावणे, पडलेली फळे गोळा करून नष्ट करणे ही कामे शेजाऱ्यासह सर्वांनी मिळून करावी लागतात ती यासाठीच.

दुसरा अनुभव कागदाचा. अमेरिकेत आंबा पाठविताना त्यावर किरणोत्सर्गाची प्रक्रिया करावी लागते. २००७ मध्ये या अटीवरच अमेरिकेची बाजारपेठ आपल्याला पुन्हा खुली झाली. मे २०२५ मध्ये मुंबईहून गेलेल्या आंब्याच्या निदान १५ खेपा तेथील विमानतळांवर अडविण्यात आल्या. फळात कीड सापडली म्हणून नव्हे, तर प्रक्रियेच्या कागदपत्रांत त्रुटी असल्याचे सांगण्यात आले म्हणून. परत आणण्याचा खर्च न परवडणारा होता. माल तेथेच नष्ट करावा लागला.

शेतकऱ्याच्या हातात असलेला कागद म्हणजे बागेची नोंदणी. मँगोनेट, अनारनेट, व्हेजनेट अशा ऑनलाइन प्रणालींत कृषी खात्यामार्फत शेताची नोंद होते. ती हंगामापूर्वी करावी, औषध फवारणीची तारीखवार वही ठेवावी आणि काढणीपूर्व प्रतीक्षा काळ कटाक्षाने पाळावा.

भाड्याचा हिशेब

विमानाचे भाडे केवळ काट्यावरच्या वजनावर ठरत नाही. पेटी किती जागा अडविते, तेही पाहिले जाते. पेटीची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणावी व गुणाकारास ६,००० ने भागावे. येणारा आकडा म्हणजे आकारमानाचे वजन. प्रत्यक्ष वजन आणि हे वजन यांपैकी जे जास्त, त्यावर भाडे लागते.

उदाहरणार्थ, भेंडीची पेटीसह ५ किलोची पेटी ४५ × ३५ × २८ सेंटिमीटर आहे. गुणाकार ४४,१०० आणि आकारमानाचे वजन ७.३५ किलो. समजा भाडे किलोस १२० रुपये आहे. म्हणजे एका पेटीस ६०० ऐवजी ८८२ रुपये पडतात. तीच भेंडी ४० × ३० × २५ सेंटिमीटरच्या पेटीत नीट बसविल्यास गुणाकार ३०,००० व वजन बरोबर ५ किलो येते. दोनशे पेट्यांच्या खेपेत हा फरक ५६,४०० रुपयांचा होतो. भाड्याचा दर हंगामानुसार बदलतो. हिशेबाची रीत मात्र हीच राहते. पेटी फार कोंबूनही भरू नये, हवेची छिद्रे मोकळी राहतील अशा बेताने भरावी.

कोणता माल विमानाने पाठवावा?

ज्या मालाचे आयुष्य कमी आणि किलोमागे किंमत जास्त, त्यालाच विमानाचे भाडे पेलते. साधारण मार्गदर्शन पुढीलप्रमाणे आहे.

• गुलाब व इतर कटफ्लॉवर : विमानानेच योग्य. गुलाब २ ते ४ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावा. तळेगाव परिसरातील उत्पादक फेब्रुवारीतील व्हॅलेंटाइन दिनासाठी परदेशी गुलाब पाठवितात, तो विमानानेच.

• भेंडी, हिरवी मिरची, कारली : दूरच्या बाजारपेठेसाठी विमान. तापमान ७ ते १० अंश. यापेक्षा थंडीत ठेवल्यास भेंडीवर डाग पडतात.

• हापूस आंबा : दूरच्या देशांसाठी मुख्यतः विमान, आखातासाठी जहाजाचाही पर्याय. तापमान १२ ते १३ अंश. जास्त थंडीने फळ नीट पिकत नाही.

• ताजे अंजीर : अत्यंत नाशवंत. तोडणीपासून विमानापर्यंत शीतसाखळी अखंड असेल तरच विचार करावा.

• द्राक्षे, कांदा, डाळिंब : यांस मुख्यतः शीत कंटेनर व जहाज परवडते. द्राक्षे ० ते १ अंश तापमानात आठवडेच्या आठवडे टिकतात, म्हणूनच नाशिकची द्राक्षे न्हावाशेवा बंदरातून युरोपात जातात. कांद्याला विमानाचे भाडे कधीच झेपणार नाही.

एकाच खोलीत गुलाब आणि आंबा ठेवू नये. दोघांचे तापमान वेगळे आहे; शिवाय पिकणाऱ्या आंब्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने फुले लवकर मलूल होतात.

विमानतळ आणि जमीन

विमानतळ उभा राहतो तो बहुधा शेतजमिनीवरच. या प्रश्नाकडे डोळेझाक करून चालणार नाही. नवी मुंबईसाठी जमिनी घेतल्या गेल्या तेव्हा योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये मोठे आंदोलन झाले. त्यात पाच शेतकऱ्यांचा बळी गेला. त्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व मान्य झाले. नवी मुंबई विमानतळासाठी हे प्रमाण साडेबावीस टक्के ठरले. पुण्याजवळ पुरंदर तालुक्यात सात गावांच्या जमिनीवर विमानतळ योजला आहे. हा तालुका अंजीर आणि सीताफळासाठी प्रसिद्ध आहे आणि तेथील अनेक शेतकऱ्यांनी भूसंपादनाला विरोध केला आहे. ज्या फळांना विमानाची गरज, त्याच फळांच्या बागा धावपट्टीखाली जाणार असतील, तर त्या जमिनीवर उभे असलेले उत्पन्न काय आहे, हे नियोजनात प्रामाणिकपणे मोजले गेले पाहिजे.

आपली जमीन संपादनात येत असल्यास पुढील गोष्टी कराव्यात.

१) कोणत्या कायद्याखाली संपादन होत आहे, ते नोटिशीत पाहावे. २०१३ च्या केंद्रीय भूसंपादन कायद्यात बाजारभावावर ग्रामीण भागासाठी वाढीव गुणक आणि शंभर टक्के दिलासा रक्कम यांची तरतूद आहे. इतर कायद्यांखाली पद्धत वेगळी असू शकते.

२) सातबारा, फेरफार व वारस नोंदी अद्ययावत कराव्यात.

३) संयुक्त मोजणीच्या वेळी स्वतः हजर राहून विहीर, बोअर, पाइपलाइन, झाडे, गोठा आणि शेततळे यांची नोंद करून घ्यावी. फळझाडांचे वय व उत्पन्न यांचा पुरावा जपून ठेवावा.

४) हरकतीची मुदत चुकवू नये आणि हरकत लेखी देऊन पोच घ्यावी.

जमीन वाचली तरी शेजाऱ्यांवर काही बंधने येतात. उंच बांधकाम व मनोरे यांना परवानगी लागते. विमानतळाच्या १० किलोमीटर परिसरात उघड्यावर कचरा किंवा जनावरांचे अवशेष टाकण्यास मनाई आहे, कारण त्यावर येणाऱ्या घारी व इतर पक्षी विमानावर आदळून अपघात होऊ शकतो. ड्रोनने फवारणी करणाऱ्यांनी ‘डिजिटल स्काय’ नकाशा पाहावा. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार विमानतळाभोवती १२ किलोमीटरपर्यंत वेगळे निर्बंध असून जवळच्या पट्ट्यात परवानगीशिवाय ड्रोन उडविता येत नाही.

पीक बदलण्यापूर्वी विचारा

जवळच्या विमानतळाच्या भरवशावर हरितगृह किंवा नवी बाग उभारण्यापूर्वी खालील प्रश्नांची उत्तरे मिळवावीत.

• येथून परदेशी जाणारी विमाने आठवड्यात किती व कोणत्या आकाराची आहेत?
• सीमाशुल्क आणि वनस्पती संगरोध अधिकारी येथे बसतात काय, की तपासणीसाठी मुंबईलाच जावे लागते?
• शीतगृह आहे काय? प्रत्यक्ष चालू आहे काय? वीज गेल्यास पर्यायी सोय आहे काय?
• जवळ मान्यताप्राप्त पॅक हाऊस आहे काय?
• विमान रद्द झाल्यास माल कोणाच्या जोखमीवर राहील? निर्यातदाराशी लेखी करार आहे काय?
• परदेशी माल गेला नाही, तर तो मुंबई-पुण्याच्या बाजारात कोणत्या भावाने खपेल?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. देशी बाजाराच्या भावात निदान खर्च निघत असेल, तरच निर्यातीचे पीक घ्यावे. एकट्याने पन्नास पेट्या पाठविण्यापेक्षा गटाने किंवा शेतकरी उत्पादक कंपनीमार्फत मोठी खेप तयार केल्यास विमानात जागा राखून घेणे, भाडे ठरविणे आणि शीतवाहन भरून नेणे सोपे जाते.

विमानतळ होऊ द्यावेत, कारण त्यांतून नव्या बाजारपेठांची दारे उघडतात. परंतु ग्रामसभेत किंवा लोकप्रतिनिधींपुढे मागणी करताना केवळ धावपट्टी मागू नये. शीतगृह, तपासणी अधिकारी आणि नियमित विमान यांचीही मागणी त्याच अर्जात करावी. या सोयी प्रत्यक्ष दिसल्यावरच बँकेचे कर्ज घ्यावे, म्हणजे हप्ते फेडण्याची पाळी येईल तेव्हा पश्चात्तापाची वेळ येणार नाही.